‘हिस्पॅनिक’वर टिक केली की मेडिकलला प्रवेश पक्का?

आई पुण्याची, वडील मेक्सिकन वंशाचे. ‘मग मुलीनं मेडिकलच्या अर्जात फक्त हिस्पॅनिकवर टिक करावी, इंडियन लपवावं, सीट पक्की!’ अमेरिकेतल्या मराठी मंडळींत हा सल्ला अजूनही फिरतो. त्यातलं जवळजवळ सगळंच चुकीचं आहे.

एकच रकाना निवडायची सक्ती मुळात नाही. बहुतेक मेडिकल कॉलेजं घेतात त्या ‘ॲमकास’ या सामायिक अर्जात आशियाईखाली ‘इंडियन’ आणि हिस्पॅनिकखाली ‘मेक्सिकन’ अशा दोन्हींवर टिक करता येते. प्रश्न ऐच्छिक आहे. कोराही सोडता येतो. अमक्या टक्क्यांची अट नाही, आजीआजोबांचे दाखले कोणी मागत नाही. (डीएनए चाचणीत निघालेल्या दोन टक्क्यांवर नवी ओळख उभारणं मात्र हास्यास्पदच.)

राहिला फायद्याचा मुद्दा. राखीव जागांचा कोटा तिथं 1978 च्या ‘बाकी’ (Bakke, फिर्यादीचं आडनाव) खटल्यात अमेरिकी सुप्रीम कोर्टानंच बेकायदा ठरवला. तो खटलाही मेडिकल प्रवेशाचाच होता. वंशाला थोडंफार वजन देण्याची मुभा उरली होती, तीही हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रवेशांवरच्या खटल्यात त्याच कोर्टानं 29 जून 2023 ला दिलेल्या निकालानं गेली. त्या निकालानुसार वंशामुळे आयुष्यात काय सोसलं, काय घडलं हे अर्जासोबतच्या निबंधात लिहिता येतं, पण त्यातून उमेदवाराची जिद्द किंवा कुवत दिसायला हवी. घरी स्पॅनिश आणि मराठी दोन्ही बोलणारी मुलगी तिथं बरंच लिहू शकेल.