डिजिटल सिंथकडून मॉड्युलरकडे : मेमरी आली कशी आणि लोक ती सोडून का निघाले

डिजिटल सिंथ (सिंथेसायझर, विजेवर आवाज घडवणारं वाद्य) चालू केला की स्क्रीनवर पहिल्या आवाजाचं नाव येतं, पट्टी दाबली की पियानो वाजतो, विषय संपला. मॉड्युलर सिस्टिमचं, म्हणजे सुटे भाग (मॉड्यूल्स) केबल्सनी जोडून बनवायच्या सिंथचं, बटण दाबलं की दिवे लागतात आणि पुढे शांतता. ऑसिलेटर, म्हणजे मूळ स्वर काढणारा भाग, आत सुरूच असतो पण त्याच्या आवाजाने जायचं कुठे हे कोणी सांगितलेलं नसतं. मग एक केबल ऑसिलेटरमधून आवाज गाळणाऱ्या फिल्टरमध्ये, दुसरी फिल्टरमधून आवाज लहान-मोठा करणाऱ्या व्हीसीएमध्ये, तिसरी व्हीसीएमधून आउटपुटला, व्हीसीए उघडायला एन्व्हलपची (आवाज कसा चढेल-उतरेल हे ठरवणाऱ्या भागाची) चौथी, आणि त्या एन्व्हलपला "आता सुरू हो" म्हणणारं गेट कुठून तरी आणायचं ते वेगळंच, एवढं केल्यावर कुठे पहिला स्वर ऐकू येतो. केबल्स काढल्या की तो आवाज गेला, कुठेही सेव्ह नाही.

तरी लोक चांगला चालणारा डिजिटल सिंथ बाजूला ठेवून याच्याकडे वळतायत, आणि याला सरसकट "डिजिटल सोडून अॅनालॉगकडे" असं म्हटलं जातं. मला ते पटत नाही. भांडण अॅनालॉग-डिजिटलचं नाहीच मुळी, ते मेमरीचं आहे, आणि हे नीट कळायला साठ वर्षं मागे जावं लागतं.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इलेक्ट्रॉनिक संगीत करायचं म्हणजे टेप आणि ब्लेड. आवाज रेकॉर्ड करायचा, टेप कापायची, चिकटवायची, काही सेकंदांच्या संगीतासाठी दिवसच्या दिवस जायचे. सॅन फ्रान्सिस्को टेप म्युझिक सेंटरमधल्या मॉर्टन सबॉटनिक आणि रमोन सेंडर यांना यातून सुटका हवी होती, त्यांनी इंजिनिअर डॉन बुकलाला गाठलं आणि त्यातून बुकलाची १०० सिरीज ही मॉड्युलर सिस्टिम तयार झाली. त्याच सुमारास तिकडे न्यूयॉर्क राज्यात रॉबर्ट मूग संगीतकार हर्बर्ट डॉइशबरोबर काम करत होता, आणि १९६४ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने आपली मॉड्यूल्स ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या अधिवेशनात दाखवली. एकाच काळात, देशाच्या दोन टोकांना, दोन माणसं एकाच कल्पनेपाशी पोचली, ती म्हणजे व्होल्टेज कंट्रोल.

कल्पना सांगायला साधी आहे. आधी ऑसिलेटरचा स्वर बदलायचा तर हाताने नॉब फिरवायला लागायचा, आता तो नॉब दुसरं सर्किट फिरवणार. मूगकडे एक व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक वर जातो, हाच हिशोब आजही बहुतेक मॉड्यूल्स पाळतात. म्हणजे सप्तकातल्या बारा स्वरांमधलं अंतर एका व्होल्टचा बारावा भाग, साधारण ८३ मिलिव्होल्ट. दहा मिलिव्होल्ट इकडचे तिकडे झाले तरी तयार कानाला स्वर हलल्याचं कळतं. आणि हा हिशोब ज्या ट्रान्झिस्टरवर चालतो तो तापमानाला हळवा, म्हणून अॅनालॉग ऑसिलेटर चालू करून लगेच ट्यून करायला जायचं नाही, त्याला गरम होऊ द्यायचं, सुरुवातीला केलेलं ट्यूनिंग वीस मिनिटांनी बघितलं तर पुष्कळदा सरकलेलंच असतं. डिजिटलवरून आलेल्या माणसाला हा पहिला धक्का असतो कारण स्वर सरकू शकतो, भटकू शकतो ही गोष्टच तो विसरलेला असतो.

बुकलाला पियानोसारख्या पट्ट्या नकोच होत्या, काळ्या-पांढऱ्या पट्ट्या दिल्या की माणूस जुनंच वाजवणार असं त्याचं मत, म्हणून त्याने स्पर्शाने चालणाऱ्या धातूच्या पट्ट्या आणि स्वरांची मालिका आपोआप वाजवणारे सीक्वेन्सर दिले. मूगने कीबोर्ड जोडला. मला स्वतःला बुकलाचा विचार जास्त धाडसी वाटतो, पण जग मूगच्या मागे गेलं यात नवल नाही, कारण १९६८ मध्ये वेंडी कार्लोसने मूगवर बाखच्या रचना वाजवून दाखवल्या आणि ती रेकॉर्ड तुफान चालली, पुढे तिला तीन ग्रॅमी मिळाले. ती रेकॉर्ड कशी झाली ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या मूगवर एका वेळी एकच स्वर वाजायचा, म्हणून प्रत्येक सुरावट वेगळी वाजवून मल्टिट्रॅक टेपवर थरावर थर चढवायला लागले.

स्टुडिओत हे चालतं, स्टेजवर कसं चालणार? दोन गाण्यांच्या मध्ये दहा सेकंद मिळतात, तेवढ्यात वीस केबल्स उपटून परत लावायच्या कोणी? इथून मॉड्युलरची पीछेहाट सुरू झाली, आणि ती कोणाच्या दुष्टपणामुळे नाही, वाजवणाऱ्यांच्या खऱ्याखुऱ्या गरजेपोटी झाली. १९७० च्या मिनीमूगमध्ये केबल्स गेल्या, आतली जोडणी कायमची ठरली, नॉब मात्र सगळे समोर राहिले. मग १९७८ मध्ये डेव्ह स्मिथच्या सीक्वेन्शल सर्किट्सने प्रॉफेट-५ आणला, एकदम पाच स्वर आणि आत मायक्रोप्रोसेसर, ४० आवाज सेव्ह करता येणारी मेमरी. माझ्या मते खरी कलाटणी इथे आहे. प्रॉफेट-५ चा आवाज अॅनालॉगच होता! पण नॉबची जागा आणि कानावर येणारा आवाज यांचं नातं त्या दिवशी तुटलं, कारण प्रोग्रॅमचं बटण दाबलं की आवाज बदलणार आणि नॉब मात्र आधीच्याच जागी राहणार.

पुढचं पाऊल जॉन चाउनिंगचं. १९६७ मध्ये स्टॅनफर्डमध्ये तो कॉम्प्युटरवर व्हायब्रॅटो करून बघत होता, त्याचा वेग वाढवत गेला, वाढवत गेला, आणि एका टप्प्यावर स्वराची थरथर ऐकू येणं बंद होऊन एक नवाच आवाज तयार झाला. हे एफएम सिंथेसिस, म्हणजे एका लहरीने दुसरीची कंप्रता हलवून आवाज घडवणं. स्टॅनफर्डने ते यामाहाला लायसन्सवर दिलं आणि १९८३ मध्ये डीएक्स७ आला, १६ स्वर एकदम, घंटेसारखे, काचेसारखे स्वच्छ आवाज, ट्यूनिंग पक्कं. दीड लाखाच्या वर विकला गेला. पण त्याचं पॅनेल आठवून बघा. नॉब नाहीत, सपाट बटणं, दोन ओळींचा छोटा स्क्रीन आणि आवाज घडवायला एकच स्लायडर. सहा ऑपरेटर्सची (म्हणजे त्याच्या आतल्या डिजिटल ऑसिलेटर्सची) शंभराच्या वरची सेटिंग्ज त्या एका स्लायडरने एकेक करून बदलायची, म्हणजे खिडकीच्या फटीतून अख्खी खोली रंगवण्यातला प्रकार. साहजिकच बहुतेकांनी कंपनीने भरून दिलेले आवाज वापरले, ऐंशीच्या दशकातल्या कितीतरी गाण्यांत एकच इलेक्ट्रिक पियानो ऐकू येतो तो त्यामुळे.

आता त्याच पॅनेलवर वर बघा, तिथे ३२ छोटी चित्रं छापलीयत, चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. त्यांना अल्गोरिदम म्हणतात, कुठला ऑपरेटर कुठल्या ऑपरेटरला हलवणार याचे ते नकाशे. हे पॅचच, केबल्सच्या जोडण्याच आहेत हो! केबल्स गेल्याच नव्हत्या, त्या कारखान्यात जोडून ३२ नमुन्यांत कायमच्या बसवल्या होत्या, आपण फक्त नंबर निवडायचा. मला हे कळलं तेव्हा डीएक्स७ कडे बघायची नजरच बदलली, कारण मॉड्युलरमध्ये एका ऑसिलेटरचं आउटपुट दुसऱ्याच्या एफएम इनपुटला लावतो तेव्हा आपण तेच करत असतो, फक्त तेहतिसावी जोडणी करायची मुभा असते.

१९८३ लाच मिडी आलं, वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथ एका वायरने बोलायला लागले, आणि ही फार मोठी गोष्ट होती. किंमत एवढीच की नॉब फिरवण्याचा संदेश सहसा ० ते १२७ एवढ्याच पायऱ्यांत जातो. फिल्टर हळूहळू उघडताना काही सिंथवर त्या पायऱ्या चक्क ऐकू येतात, चेन ओढल्यासारखी बारीक करकर. नंतर १९८७ चा रोलंड डी-५०, १९८८ चा कॉर्ग एम१, सॅम्पल्सचा, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या आवाजांच्या तुकड्यांचा जमाना, मॉड्युलर अडगळीत. या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, आवाज वाढत गेले आणि नॉब कमी होत गेले.

परत येणं जर्मनीतून झालं. १९९५ मध्ये डीटर डोपफरने ए-१०० सिस्टिम काढली. उंची १२८.५ मिलिमीटर, रुंदी ५.०८ मिलिमीटरच्या पटीत, साडेतीन मिलिमीटरचे छोटे जॅक, अधिक-उणे १२ व्होल्टची पॉवर. ही मापं कोणालाही वापरता आली, आणि घरच्या टेबलावर एकट्याने बनवलेलं मॉड्यूलसुद्धा त्याच पेटीत बसायला लागलं. यालाच आज युरोरॅक म्हणतात. त्यातून छोट्या छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या, २००८ मध्ये टोनी रोलँडोचं मेक नॉइज, पुढे एमिली जिलेचं म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स.

आणि "अॅनालॉगकडे परत" हे म्हणणं इथेच कोसळतं. म्युटेबलच्या प्रसिद्ध मॉड्यूल्सपैकी ब्रेड्स, क्लाउड्स, प्लेट्स ही आतून डिजिटल आहेत, प्लेट्समध्ये तर चक्क एफएमसुद्धा आहे. लोकांनी ती हौसेने घेतली, कारण त्यांना हवं होतं ते चिपच्या आत नव्हतं, पुढच्या पॅनेलवर होतं, म्हणजे प्रत्येक गोष्टीला तिचा नॉब, तिचं सॉकेट, आणि कुठूनही कुठेही जाण्याची वाट. जिलेने आपल्या मॉड्यूल्सची डिझाइन्स खुली ठेवली होती, म्हणून २०२२ मध्ये कंपनी बंद झाली तरी ती मॉड्यूल्स दुसरे लोक अजून बनवतायत. २०१७ पासून व्हीसीव्ही रॅकही आहे, कॉम्प्युटरवरचं फुकट युरोरॅक, तिथे पॅच सेव्हही होतो.

जे वळतायत त्यांनी काय सोडतोय हेही ओळखून असावं. चार स्वरांचा कॉर्ड हवा तर चार ऑसिलेटर, चार व्हीसीए आणि वायरींचं जंगल, म्हणून बरेच जण डिजिटल सिंथ विकत नाहीत, कॉर्ड त्याच्यावर वाजवतात आणि मिडीचे संदेश व्होल्टेजमध्ये बदलणारं मिडी-टू-सीव्ही मॉड्यूल लावून दोन्ही एका तालात चालवतात. आणि मेमरी नाही ती नाहीच. पूर्वी स्टुडिओत पॅच कागदावर काढून ठेवायचे, छापलेल्या पॅनेलच्या चित्रावर रेघा मारून, आता फोनवर फोटो काढतात, पण नॉब केसभर इकडे झाला तरी परत तोच आवाज लागत नाही. म्हणून मॉड्युलरवाल्यांचा रेकॉर्डर आधी सुरू होतो आणि पहिली केबल त्यानंतर लागते.