रक्तदाबाच्या गोळ्यांसोबत ताठरतेचे औषध घेताना

उच्च रक्तदाब असलेल्या पुरुषांमध्ये लिंगाच्या ताठरतेची तक्रार वरचेवर आढळते आणि पुष्कळदा दोन्हींच्या मुळाशी रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराचा बिघाड असतो. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांहून अरुंद असल्याने हा बिघाड तिथे आधी जाणवू शकतो. त्यामुळे ही तक्रार संकोचाने दडवून ठेवली, तर हृदयविकाराची आगाऊ सूचनाही हातची जाते.

ताठरतेसाठी १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले सिल्डेनाफिल हे औषध मुळात हृदयशूळावरचे औषध म्हणून तपासले जात होते. लैंगिक उत्तेजनेच्या वेळी नायट्रिक ऑक्साइड स्रवते, त्याच्यामुळे सायक्लिक जीएमपी हे रसायन तयार होते आणि धमन्यांचे स्नायू सैल पडून रक्ताचा ओघ वाढतो. हे रसायन मोडणाऱ्या पीडीई-५ या विकराला (एन्झाइमला) सिल्डेनाफिल आणि त्याच गटातले टाडालाफिल अडवतात. मात्र हे विकर शरीरातील इतर रक्तवाहिन्यांतही असल्याने रक्तदाबही थोडा उतरतो. सिल्डेनाफिलच्या १०० मिलिग्रॅमच्या मात्रेनंतर वरचा आकडा सरासरी ८ ते १० ने खाली येतो.

अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, रामिप्रिल यांसारखी नेहमीची औषधे घेऊन रक्तदाब आटोक्यात असलेल्या बहुतेकांना एवढी घट सोसते. डॉक्साझोसिन किंवा प्राझोसिन यांसारखी रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल करणारी अल्फा-ब्लॉकर औषधे चालू असतील, तर मात्र उठून उभे राहताच घेरी येण्याचा धोका असतो. प्रोस्टेटसाठी घेतले जाणारे टॅम्सुलोसिनही याच गटातले आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. अशा वेळी आधी अल्फा-ब्लॉकरची मात्रा स्थिरावू देतात आणि मगच सिल्डेनाफिल २५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात. डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल यांच्यामुळे सिल्डेनाफिलचा निचरा मंदावतो, म्हणून तिथेही डॉक्टर मात्रा बेताने ठरवतात.

खरी मनाई आहे ती नायट्रेटांबरोबर. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी, आयसोसॉर्बाइडच्या रोजच्या गोळ्या, नायट्रोग्लिसरिनचा फवारा आणि काही अंशी निकोरॅन्डिल ही औषधे शरीराला नायट्रिक ऑक्साइड पुरवतात. एकीकडे सायक्लिक जीएमपी वाढत राहते, दुसरीकडे ते मोडणारे विकर बंद पडलेले असते, आणि रक्तदाब इतका कोसळू शकतो की जीवावर बेतते. इथे कमी मात्रा हा उपाय नाही. ही जोडी पूर्णपणे टाळायचीच. फुफ्फुसांच्या धमन्यांतील उच्च रक्तदाबावरच्या रिओसिग्वाट या औषधालाही हाच नियम लागू आहे. ‘वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या शक्तिवर्धक चूर्णांत सिल्डेनाफिल छुपेपणाने मिसळलेले अनेकदा सापडले आहे, त्यामुळे त्यांवर विसंबून राहणे अधिकच धोक्याचे.

ताठरतेची गोळी घेतल्यावर छातीत दुखू लागले, तर शारीरिक संबंध थांबवावा, नायट्रेट घेऊ नये आणि तातडीने रुग्णालय गाठावे. तिथे कोणती गोळी किती वाजता घेतली, हे विचारण्याची वाट न पाहता सांगावे. सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि टाडालाफिल शरीरात अधिक काळ टिकत असल्याने त्यानंतर किमान ४८ तास नायट्रेट टाळतात. म्हणूनच परवा रात्रीची गोळीही सांगण्याजोगीच असते.