रस्त्याखालची काच

मे महिन्यातली दुपार. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझ्या एका मित्राचा टॉवेलचा कारखाना आहे. हैदराबादचा माल भरून टेम्पो दारात उभा होता, दोऱ्या आवळून झाल्या होत्या, ड्रायव्हर सावलीला बसला होता आणि टेम्पो काही हलत नव्हता. ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचं बिल, निघत नव्हतं. परराज्यात जाणारा पन्नास हजारांवरचा माल त्या बिलाशिवाय रस्त्यावर आणता येत नाही, आणि ऑफिसातल्या राउटरवर तर लाल दिवा लुकलुकत होता.

मित्राने दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला मोबाइल काढला. तिथेही नेट नुसतं गोल गोल फिरत राहिलं. शेवटी त्याने स्कूटर काढली, सात रस्ता चौकापर्यंत जाऊन तिथून बिल काढलं आणि परत आला. तासभर गेला. टेम्पो सुटला, पण माझ्या डोक्यात एक गोष्ट अडकून बसली. दोन वेगळ्या कंपन्यांचं नेट एकाच वेळी गेलं कसं?

उत्तर दोनशे पावलांवर सापडलं. ड्रेनेजच्या कामासाठी जेसीबीने चर खणला होता. चरात पाइप फाटून त्यातून काळ्या केबलींची टोकं बाहेर आली होती. एक केबल मित्राच्या ऑफिसला नेट पुरवणारी, दुसरी पलीकडच्या मोबाइल टॉवरला जाणारी. टॉवरपासून मोबाइलपर्यंतचा प्रवास तेवढा हवेतून होतो, टॉवरच्या पुढचा बहुतेक जमिनीखालून. नेट गेलं की आपण मोबाइल उंच धरून आकाशाकडे बघतो, आणि बिघाड असतो पायाखाली.

संध्याकाळी जोडणीवाला मुलगा आला. चराच्या कडेला गोणपाट अंथरून बसला, केबलीचं काळं आवरण सोललं, आतल्या रंगीत नळीतून एक तंतू बाहेर काढला. मी बोट पुढे केलं तसा तो म्हणाला, "काका, हात लावू नका. काच हाय ही. बोटात गेली तर दिसत बी नाही."

काचच ती. कवचासकट तंतूची जाडी मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाएवढी. त्याच्या आत ज्या गाभ्यातून उजेड धावतो तो आणखी बारीक, साधारण नऊ मायक्रॉन, म्हणजे एका केसात असे सात-आठ गाभे शेजारी शेजारी मावतील. गाभ्याची काच आणि भोवतीच्या कवचाची काच यांत किंचित फरक ठेवलेला असतो. त्यामुळे तिरका आलेला उजेड बाहेर निसटत नाही, परत आत वळतो. साध्या काचेत उजेड थोड्याच अंतरात विझायचा. दोष काचेचा नाही, तिच्यातल्या अशुद्धीचा आहे, हे चार्ल्स काओ यांनी १९६६ साली दाखवून दिलं. त्याबद्दल २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आजच्या तंतूत पंधरा किलोमीटर गेल्यावरही निम्मा उजेड शिल्लक असतो.

मुलाने तंतू स्पिरिटने पुसला, टोक सरळ कापलं आणि दोन्ही टोकं डब्याएवढ्या यंत्रात समोरासमोर ठेवली. छोट्या पडद्यावर ती दोन जाड खांबांसारखी दिसत होती. यंत्राने स्वतःच ती एका रेषेत आणली, विजेची ठिणगी पडली आणि काच काचेत वितळली. असे चोवीस तंतू. मधेच त्याने एक वेगळं यंत्र लावलं. ते तंतूत उजेडाचा ठोका सोडतं आणि परत आलेल्या उजेडाच्या वेळेवरून किती अंतरावर तुटलंय ते सांगतं. काचेत उजेडाला एक किलोमीटर जायला पाच मायक्रोसेकंद लागतात, त्यामुळे हिशेब सोपा. जेसीबीच्या ओढीने केबल पुढे आणखी एका जागी तुटली होती, ते जमीन न उकरता कळलं.

आता या काचेतून नेमकं जातं काय? समजा मित्राने नव्या डिझाइनच्या टॉवेलचा फोटो हैदराबादच्या व्यापाऱ्याला पाठवला. दोन एमबीचा फोटो. तो अखंड कधीच जात नाही. त्याचे साधारण चौदाशे तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्यावर कुठून निघाला, कुठे जायचंय आणि आपला नंबर कितवा, एवढं लिहिलेलं असतं. या तुकड्याला पॅकेट म्हणतात. वाटेत जागोजागी राउटर बसलेले असतात. पूर्ण वाट त्यांच्यातल्या कुणालाच ठाऊक नसते. आलेल्या पॅकेटवरचा पत्ता बघायचा आणि त्या दिशेच्या पुढच्या राउटरकडे सोपवायचं, एवढंच त्यांचं काम.

सोलापूरकरांना हे रेल्वेवरून लगेच कळेल. पुण्याची गाडी कुर्डुवाडी-दौंड मार्गे जाते. तिथे अडथळा आला तर कुर्डुवाडीहून पंढरपूर-मिरज मार्गे पुणं गाठता येतं. लांब पडतं, पण गाडी पोहोचते. पॅकेटचंही तसंच. नेहमीची वाट बंद झाली की राउटर एकमेकांना कळवतात आणि पुढची पॅकेट दुसरीकडून वळवली जातात. एखादं वाटेत हरवलं तर रस्त्यातला कुणी त्याची जबाबदारी घेत नाही. तुकडे जुळवताना व्यापाऱ्याच्या मोबाइललाच कळतं की अमुक नंबर आला नाही, आणि मित्राचा मोबाइल तेवढाच तुकडा पुन्हा पाठवतो. मला इंटरनेटमधली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. मधलं जाळं कसलीच हमी देत नाही, तरी निरोप पूर्ण पोहोचतो, कारण राखण दोन टोकांनी करायची असते. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या या नियमांवर १ जानेवारी १९८३ पासून अर्पानेट, म्हणजे आजच्या इंटरनेटचं मूळ जाळं, चालू लागलं.

त्याआधी, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, पॉल बॅरन या अमेरिकी अभियंत्याने वेगळा हिशेब केला होता. सगळ्या तारा एकाच केंद्राला जोडल्या तर केंद्र पडलं की सगळंच पडतं. त्याऐवजी मासे धरायच्या जाळ्यासारखी वीण केली तर? त्याच्या गणिताने सांगितलं, प्रत्येक गाठीतून तीन-चार धागे निघाले की पुरे. मग बऱ्याच गाठी उडाल्या तरी उरलेलं जाळं एकमेकांशी बोलत राहतं.

मोठ्या शहरांमधली वीण आज बऱ्याच अंशी अशी आहे. पण तिथून आपल्या दाराकडे येऊ लागलो की धागे कमी होत जातात. शेवटी गल्लीतल्या एका तंतूचे फाटे पाडून बत्तीस किंवा चौसष्ट घरं जोडलेली असतात, आणि घरापर्यंत धागा उरतो एक. दोन कंपन्यांची बिलं भरली म्हणजे दोन वाटा झाल्या, असा आपला समज असतो. चर एकच असेल तर वाटही एकच.

रेशन दुकानात अंगठा लागतो तो नेटवर. बारावीनंतरच्या प्रवेशाचे अर्ज नेटवर. मधल्या मारुतीजवळ वीस रुपयांची कोथिंबीर घेतली तरी पैसे मोबाइलवरून जातात. १५ ऑगस्ट १९९५ ला देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं तेव्हा ती हौस होती, आज ती पाण्यासारखी गरज आहे. पाण्याचं मोल सोलापूरला शिकवावं लागत नाही. उजनीवरून येणाऱ्या एका जलवाहिनीवर शहर विसंबून राहू नये म्हणून समांतर जलवाहिनीसाठी आपण किती वर्षं बोललो! इंटरनेटसाठी तेच बोलायला हवं. खणण्याआधी केबल कंपन्यांना कळावं म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे अ‍ॅप काढलं. त्याच वर्षी ग्रामपंचायती जोडणाऱ्या भारतनेटच्या सुधारित योजनेत केबल सरळ रेषेत न टाकता गोल, म्हणजे रिंगणात टाकायचं ठरलं. रिंगण एका जागी तुटलं तरी उलट्या बाजूने निरोप पोहोचतो. गावांसाठी जे ठरलं ते शहरातल्या कारखान्यांच्या वसाहतीलाही मिळायला हवं. रस्त्याचं काम निघतं तेव्हाच पलीकडच्या बाजूने दुसरा पाइप टाकून ठेवला तर फारसा वेगळा खर्चही येत नाही.

रात्री साडेनऊला मित्राचा फोन आला, दिवा हिरवा झाला म्हणून. मी परत जाताना चरापाशी थांबलो. जोडणीवाल्या मुलाने जोड काळ्या डब्यात बंद केला होता. दुसऱ्या कंपनीची माणसंही येऊन गेली होती, त्यांचा डबाही तयार होता. दोन्ही डबे चरात शेजारी शेजारी ठेवले आणि कामगारांनी वरून माती ओढली.