सायक्लोस्टाइल पत्रके (आणीबाणी)

आणीबाणीत (२५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७) सेन्सॉर चुकवून चोरून काढलेली बातमीपत्रे. वर्तमानपत्रांचा मजकूर छपाईआधी तपासला जाई आणि छापखान्यांवर नजर असे. सायक्लोस्टाइल यंत्र (स्टेन्सिलवरून प्रती काढणारे) मात्र शाळेत, कचेरीत असायचेच. चाचणी परीक्षेचे पेपर आणि सभेच्या नोटिसा त्यावरच निघत. त्यामुळे हे काम पुढाऱ्यांपेक्षा टंकलेखक, मास्तर आणि कारकुनांच्या हातचे होते.

टाइपरायटरची रिबन बाजूला सारून अक्षरे थेट मेणकट स्टेन्सिलवर ठोकायची. जिथे मेण निघे तिथून शाई झिरपे. चुकले तर करेक्शन फ्लुइडचा ठिपका लावायचा आणि वाळेपर्यंत फुंकर घालायची. बोट जड पडले की 'ठ'चे पोटच गळून पडे आणि कागदावर नुसता काळा डाग उठे. खरा धोका वेगळाच होता. झिजलेला 'र' किंवा वर चढलेली मात्रा पाहून यंत्र कोणत्या कचेरीतले ते ताडता येई. लोखंडी लेखणीने हाताने लिहावे तर अक्षर ओळखीचे निघे. म्हणून काम झाले की स्टेन्सिल जाळायची. नखांतली शाई तेवढी जाता जात नसे.

नाशिकरोडला तर सरकारचेच दोन मोठे छापखाने: १९२५ पासूनचा इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ पासूनचा करन्सी नोट प्रेस. तिथल्याच मध्यवर्ती कारागृहात प्रमोद महाजन, गोपीनाथ मुंडे यांच्यासारखे कार्यकर्ते डांबलेले होते. एरवी नाशिकचा प्रतिकार चारचौघांत झालेला. १९०९ मध्ये विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या, १९३० मध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला. पत्रकांच्या कामात मात्र कोणाला काही न दिसणे हेच कसब होते, त्यामुळे या माणसांची नावे शोधणे जवळपास व्यर्थ.

महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये आणीबाणीतील बंदींना मानधन सुरू केले: तेव्हा महिन्याहून अधिक कारावास झालेल्यांना दरमहा १० हजार रुपये, त्याहून कमी असल्यास ५ हजार. ते २०२० मध्ये बंद झाले आणि २०२२ मध्ये पुन्हा चालू झाले. पात्रता ठरते ती तुरुंगवासावर. न सापडलेला टंकलेखक त्यात बसत नाही.