शहरी उद्यानांतील स्थानिक सरडे

शहर पसरले तरी मूळचे काही सरडे, पाली आणि सापसुरळ्या तिथल्या बागांमध्ये तग धरून राहतात. जात माणसाने बाहेरून आणलेली नसेल तरच तिला स्थानिक म्हणतात. भारतातला नेहमीचा बागसरडा भारतात स्थानिक आहे. सिंगापूरमध्ये मात्र तो १९८०च्या दशकात बाहेरून आला आणि तिथल्या मूळच्या हिरव्या सरड्याला मोकळ्या बागांमधून मागे हटावे लागले.

सरडा अनियततापी, म्हणजे शरीराच्या उष्णतेसाठी बाहेरच्या तापमानावर अवलंबून असल्याने त्याला ऊन आणि सावली हाकेच्या अंतरावर लागते. त्याशिवाय लपायला फट, खायला किडे आणि अंडी पुरायला भुसभुशीत माती हवी. त्यामुळे पालापाचोळा झाडून काढलेली, कीटकनाशक मारलेली गुळगुळीत हिरवळ माणसाला कितीही देखणी वाटली तरी सरड्याच्या दृष्टीने ती उजाडच. दगडांची जुनी गडगी, पडलेला ओंडका, न छाटलेली झुडपे असलेला दुर्लक्षित कोपरा त्याला जास्त मानवतो. मांजरे तिथेही पोहोचतात, हा भाग वेगळा.

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण इथे शब्दशः खरी ठरते. रस्ते आणि इमारती ओलांडता येत नसल्याने प्रत्येक उद्यान बेटासारखे तुटते; प्रजनन आपसांतच होते आणि जनुकीय विविधता घटू शकते. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनमध्ये वॉटर ड्रॅगन हा शेपटीसह सुमारे मीटरभर लांबीचा सरडा अनेक उद्यानांत आढळतो. एकाच शहरातल्या वेगवेगळ्या उद्यानांमधले हे सरडे जनुकांनी आणि शरीराच्या ठेवणीनेही एकमेकांपासून वेगळे होत चालल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. शहर म्हणजे फक्त ऱ्हास, असेही नाही. प्वेर्तो रिको या कॅरिबियन बेटावरील शहरी अ‍ॅनोल सरड्यांचे पाय जंगलातल्या भाईबंदांपेक्षा लांब असतात आणि बोटांखालच्या पकड घेणाऱ्या पट्ट्याही अधिक असतात. गुळगुळीत भिंतींवर वावरण्याशी हे बदल जोडले जातात. दोन्हीकडची पिल्ले प्रयोगशाळेत सारख्याच परिस्थितीत वाढवली तरी हा फरक टिकला, म्हणजे तो निदान काही अंशी आनुवंशिक असावा.

क्वचित अडचण उलटी असते. बँकॉकच्या लुम्पिनी उद्यानात मूळच्या पाणघोरपडी इतक्या वाढल्या की २०१६ मध्ये त्यांतल्या काही पकडून दुसरीकडे हलवाव्या लागल्या.