जखम आधी धुवावी, मलम नंतर: पाळीव प्राण्यांच्या जखमांविषयी ग्राहकांसाठी माहिती

पावसाळा सुरू झाला की नौपाड्यातील आमच्या पशुऔषधांच्या दुकानात ‘जखमेवर लावायला काहीतरी द्या’ अशी मागणी रोज येते. मलम आम्ही देतोच. परंतु जखम कशाने धुतली, हे प्रत्येकाला आधी विचारतो, कारण घाणीवर लावलेले कोणतेही मलम ती घाण आत कोंडून ठेवते.

जखम झाल्यावर काही मिनिटांत रक्त गोठते. पुढील तीन-चार दिवस रक्तातील पांढऱ्या पेशी मेलेल्या पेशी आणि जंतू साफ करत असतात, त्यामुळे थोडी सूज, ऊब व पातळ स्राव असणे स्वाभाविक आहे. त्यानंतर तळाशी लालसर, दाणेदार आणि जरा धक्का लागला तरी रक्त येणारे नवे मांस भरू लागते व त्यावरून कडेची त्वचा आत सरकते. हे मांस पाहून काही जण घाबरून ते खरवडतात. कृपया तसे करू नये. जखम भरत असल्याचीच ती खूण आहे.

धुण्यासाठी एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम, म्हणजे सुमारे दीड सपाट चहाचा चमचा मीठ विरघळवावे आणि सुई काढलेल्या सिरिंजने त्याची धार जखमेवर सोडावी. स्पिरिट व हायड्रोजन पेरॉक्साइड जंतूंबरोबर नव्या पेशीही मारतात. फिनाइल तर मांजरांसाठी विषच आहे, कारण ते पचवून बाहेर टाकण्याची त्यांच्या यकृताची क्षमता फार कमी असते. वेदनेसाठी घरातली पॅरासिटामॉलही मांजराला कधीच देऊ नये. एका गोळीनेही जीव जाऊ शकतो.

या दिवसांत सर्वांत मोठा धोका अळ्यांचा. उघड्या जखमेवर माशीने घातलेली अंडी बहुधा एका दिवसाच्या आतच फुटतात, आणि वरून लहानसे छिद्र दिसत असताना आतले मांस पोखरले गेलेले असते. अशा वेळी रॉकेल किंवा पेट्रोल न ओतता त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. अनोळखी कुत्र्याने चावा घेतला असल्यास हातमोजे घालून साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावे आणि प्राण्याला पूर्वी लस दिलेली असली तरी रेबीजच्या पुढील डोसबद्दल डॉक्टरांना विचारावे.

गळ्यातील प्लास्टिकची कॉलर कुत्र्याला आवडत नाही आणि मालकाला त्याची दया येते, हे आम्ही जाणतो. तरीही टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघेपर्यंत ती रात्रीही ठेवावी, कारण चाटून टाके उसवायला अर्धा तास पुरतो. स्वच्छ कापडाने १० मिनिटे दाबूनही रक्त न थांबणे, दुर्गंधी, पू, वाढती सूज, १०३ अंश फॅरनहाइटपेक्षा जास्त ताप किंवा खाणे सोडणे, यांपैकी काहीही दिसल्यास दुकानात न येता थेट दवाखान्यात जावे. दुखणारे मांजर ओरडत नाही, ते कपाटाखाली जाऊन बसते. हेही लक्षणच समजावे.