नूक कलरचा टॅबलेट: घरी करताना

(जुनी उपकरणे घेणाऱ्या आमच्या जळगाव, भुसावळ, धुळे परिसरातील ग्राहकांसाठी)

नूक कलर हे बार्न्स अँड नोबल कंपनीचं ई-पुस्तकं वाचण्याचं यंत्र. त्यावर नवी अँड्रॉइड सिस्टीम टाकली की त्याचा साधा टॅबलेट होतो. आधी हातातलं यंत्र कोणतं ते पाहा. ही पद्धत फक्त 2010 च्या नूक कलरसाठी आहे: 7 इंची रंगीत पडदा, 512 एमबी रॅम. नूक टॅबलेट दिसायला सख्खा भाऊ असला तरी त्याचा प्रोसेसर वेगळा आहे, याची फाइल त्याला चालत नाही. शाईच्या (ई-इंक) पडद्याच्या नूक सिंपल टचमध्ये अँड्रॉइड आहे, त्यामुळे ॲप टाकता येतात, पण काळ्या-पांढऱ्या संथ पडद्यावर व्हिडिओची आशा सोडा. शाईच्या पडद्याचा किंडल तर अँड्रॉइडवर चालतच नाही. तो वाचायलाच ठेवा.

नूक कलर सुरू होताना आधी मेमरी कार्ड तपासतो आणि मगच आतली मेमरी. म्हणून सगळी नवी सिस्टीम कार्डावर टाकायची. मूळ सिस्टीमला हात लागत नाही. नको वाटलं तर बंद करून कार्ड काढा, की पुन्हा पहिल्यासारखा नूक. आतल्या मेमरीत थेट टाकण्याचे प्रयोग आम्ही ग्राहकांना सुचवत नाही.

कार्ड 8 किंवा 16 जीबीचं, नामांकित कंपनीचं, क्लास 4 घ्या. क्लास 10 महाग असूनही इथे बऱ्याचदा अडखळतं, कारण क्लासचा आकडा मोठी फाइल सलग लिहिण्याचा वेग सांगतो आणि सिस्टीम दिवसभर बारीकसारीक तुकडे लिहीत असते. बाजारातलं नकली कार्ड तर अर्ध्यावरच मान टाकतं.

नवी सिस्टीम म्हणजे सायनोजेनमॉड, अँड्रॉइडची हौशी मंडळींनी केलेली मोफत आवृत्ती. तिची 7 वी आवृत्ती (अँड्रॉइड 2.3) या यंत्रावर सर्वांत हलकी चालते. तो प्रकल्प 2016 अखेर बंद झाला, त्यामुळे फाइली जुन्या संग्रहातूनच मिळतात. नावात ‘एन्कोर’ असलेलीच घ्या, ते नूक कलरचं सांकेतिक नाव. कार्ड इन्स्टॉलरची इमेज (अख्ख्या कार्डाची तयार नक्कल असलेली फाइल) विन 32 डिस्क इमेजर या विंडोजवरच्या प्रोग्रामने कार्डावर ‘राइट’ करा, नुसती कॉपी-पेस्ट नको. प्रोसेसरला कार्डाच्या सुरुवातीला ‘एमएलओ’ ही यंत्र सुरू करणारी फाइल ठरलेल्या जागी लागते. हाताने कॉपी केली की ती जागा चुकते आणि यंत्र निमूटपणे जुन्याच सिस्टीमवर सुरू होतं. ‘राइट’ दाबण्याआधी ड्राइव्हचं अक्षर दोनदा पाहा, नाहीतर पेन ड्राइव्हमधले लग्नाचे फोटो जातील. दिवे जाण्याचा भरवसा नसेल तर हे काम लॅपटॉपवरच करा.

इथे बहुतेकजण घाबरतात: 8 जीबीचं कार्ड आता शंभरेक एमबीचंच दिसतं. हे बरोबर आहे. विंडोजने ‘फॉरमॅट करायचं का?’ विचारलं तर ‘नाही’ म्हणा. त्याच छोट्या भागात सायनोजेनमॉडची झिप न उघडता, नाव न बदलता टाका. इन्स्टॉलर ती नावावरूनच ओळखतो. नूक बंद करून कार्ड घाला आणि चालू करा. पडद्यावर अक्षरं धावतील, काम संपलं की यंत्र आपोआप बंद होईल. बॅटरी निम्म्याहून जास्त हवी. त्यानंतर यंत्र पुन्हा चालू केलं की पहिलं सुरू होणं बरंच रेंगाळतं, मध्येच बटण दाबू नका.

आता अपेक्षांबद्दल. कॅमेरा, माइक, सिम काहीच नाही, म्हणजे व्हिडिओ कॉल आणि यूपीआय विसरा. व्हॉट्सॲपला याहून बरंच नवं अँड्रॉइड लागतं. अँड्रॉइड 2.3.7 आणि त्याखालच्या यंत्रांवर गूगलचं लॉगिन 27 सप्टेंबर 2021 पासून बंद आहे. आजच्या अनेक वेबसाइटही उघडत नाहीत. पुस्तकं, पीडीएफ, गाणी आणि साधे खेळ मात्र छान चालतात.

मराठीची एक अडचण: 2.3 वर ‘भरित’ हा शब्द ‘भरति’ दिसतो आणि ‘मुक्ताईनगर’मधलं जोडाक्षर फुटतं, कारण अक्षरं जुळवण्याची सोयच त्यात नाही. पीडीएफमध्ये अक्षरांचे साचे फाइलीतच असल्याने ती नीट दिसते. अँड्रॉइड 4 च्या आवृत्त्यांत मराठी सुधारते, पण तेवढ्या रॅमला ओझं होतं.

चार्जिंग मूळ केबल आणि अडॅप्टरनेच करा. त्या पिनेला जादा संपर्क आहेत. साध्या मायक्रो यूएसबी केबलने चार्जिंग फार सावकाश होतं आणि लोक बॅटरी गेली समजून दुकानात येतात. एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याच्या खोलीत चार्जिंगला लावू नका. 45 अंशांच्या वर लिथियम बॅटरी चार्ज करणं तिला मारक आहे, आणि तेवढं तापमान तर आपल्याकडे सावलीतही होतं.

कार्ड तयार करून हवं असेल तर यंत्र, कार्ड आणि मूळ केबल तिन्ही घेऊन या.